थिसिससाठी लोकांकडून डेटा घेणार असाल तर आधी एथिक्स कमिटीची मंजुरी

सर्व्हेची लिंक ग्रुपवर टाकायच्या आधी जरा थांबा. मास्टर्स असो की पीएचडी, तुमच्या रिसर्चमध्ये माणसं येत असतील, म्हणजे मुलाखत, प्रश्नावली, वर्गातलं निरीक्षण, रक्ताचे नमुने, अगदी स्वतः बनवलेलं ॲप चार जणांना वापरायला देऊन बघणं असलं तरी, आधी एथिक्स कमिटीला, म्हणजे सहभागी लोकांना रिसर्चमुळे त्रास होणार नाही ना हे तपासणाऱ्या संस्थेच्या समितीला, विचारावं लागतं. हे फक्त मेडिकलवाल्यांचं काम असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नाहीये. १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामा (माणसांवरच्या वैद्यकीय रिसर्चची नैतिक तत्त्वं) डॉक्टरांसाठी होता खरा, पण १९७९ च्या बेलमाँट रिपोर्टमध्ये, म्हणजे रिसर्चच्या नैतिकतेवरच्या अमेरिकी अहवालात, माणसाच्या वागणुकीवरचा रिसर्चही आला. मौखिक इतिहासाच्या मुलाखतींना काही ठिकाणी सूट असते, तरी ती आपल्याला लागू आहे की नाही हे आपणच ठरवून मोकळं व्हायचं नाही, कमिटीकडून लेखी घ्यायचं.

अर्ज विद्यार्थी भरतो, पण जबाबदार गाईड असतात, त्यामुळे त्यांची सही लागतेच. सोबत रिसर्च प्रपोजल, प्रश्नावली जशीच्या तशी, माहितीपत्रक, संमतीपत्र, डेटा कुठे ठेवणार आणि कोण बघणार याची माहिती, आणि शाळेत किंवा हॉस्पिटलमध्ये जाणार असाल तर तिथलं परवानगीचं पत्र. सहभागी लहान मुलं असतील तर पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही.

अर्ज परत येतो तो बहुतेक वेळा संमतीपत्रामुळे. "सदर संशोधनात सहभागी होण्यास माझी कोणतीही हरकत नाही" एवढं लिहून खाली सहीची जागा सोडली की झालं असं नसतं हो. समोरच्याला कळेल अशा भाषेत लिहा: "तुमची मुलाखत साधारण ४० मिनिटं चालेल, आवाज रेकॉर्ड होईल, नको असलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊ नका, मध्येच थांबलात तरी चालेल, कारण विचारणार नाही." शिक्षक स्वतःच्याच वर्गातल्या मुलांवर रिसर्च करत असेल तर नकार दिल्याने मार्कांवर परिणाम होणार नाही हेही लिहाच, मुलं नाही म्हणायला घाबरतात.

पुढे जोखमीप्रमाणे फाईल सूट, जलद तपासणी किंवा पूर्ण कमिटीची मीटिंग यापैकी एकीकडे जाते. मीटिंग रोज नसते, तारीख बघून अर्ज टाका. मंजुरी मागच्या तारखेने मिळत नाही, आधी गोळा केलेला डेटा थिसिसमध्ये वापरता येत नाही, मग सहा महिन्यांची मेहनत असली तरी. आणि मंजुरीनंतर प्रश्नावलीत एखादा प्रश्न वाढवायचा झाला तरी आधी दुरुस्तीचा अर्ज द्यायचा, मगच विचारायचा.