बेणारेबाईंच्या आधीचं कोर्ट

'शांतता! कोर्ट चालू आहे' अभ्यासाला असलं की एक प्रश्न हमखास येतो, लीला बेणारे ही शोकांतिकेची नायिका आहे का, आणि असेल तर तिची चूक कोणती. मग अ‍ॅरिस्टॉटल काढायचा, त्याचं ते हॅमार्शिया म्हणजे नायकाच्या हातून होणारी मोठी गफलत, आणि ते बेणारेला लावून बघायचं. ती फार बोलते, फार हसते, लग्न झालेल्या प्रोफेसरवर प्रेम केलं वगैरे. मीही कॉलेजात असंच उत्तर लिहिलं होतं आणि मार्कही बरे पडले होते. आज ते उत्तर मला वाचवत नाही, कारण त्यात मी नेमकं तेच केलेलं जे नाटकात सुखात्मे वकील करतो, एका बाईच्या आयुष्यातून तिच्याविरुद्धचा पुरावा वेचत बसणं. बेणारे समजून घ्यायची तर तिची चूक शोधण्याआधी ते कोर्ट आलं कुठून हे बघायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, म्हणून ही पार्श्वभूमी.

ज्यांनी नाटक पाहिलं-वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विजय तेंडुलकरांचं हे नाटक १९६७ मध्ये 'रंगायन'ने पहिल्यांदा केलं, दिग्दर्शन अरविंद देशपांडे, बेणारे सुलभा देशपांडे. मुंबईतली एक हौशी मंडळी गावात प्रयोगाला आलेली असते. प्रयोग म्हणजे अभिरूप न्यायालय, अमेरिकेचा अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर अण्वस्त्रांवरून खटला. वेळ असतो, एक नट आलेला नसतो, त्याच्या जागी गावातल्या सामंतला उभं करायचं असतं आणि त्याला कोर्ट कसं असतं ते कळावं म्हणून गंमत म्हणून एक खोटा खटला चालवायचं ठरतं, आरोपी कोण तर बेणारेबाई, आरोप भ्रूणहत्येचा. पुढे ती गंमत हळूहळू गंमत राहत नाही. तिशी ओलांडलेली ही बिनलग्नाची शिक्षिका खरंच गरोदर आहे, मुलाचा बाप प्रोफेसर दामले, तो मंडळीतलाच आणि त्या दिवशी आलेलाच नाही. बाकीच्यांना हे आधीपासून थोडं थोडं ठाऊक असतं हे लक्षात यायला लागलं की प्रेक्षक म्हणून अंगावर काटा येतो. नाटक सुरू होतं तेव्हाच दाराच्या कडीत बेणारेचं बोट चिमटतं, आणि नंतर तेच दार बाहेरून अडकतं, ती बाहेर जायला धावते तेव्हा उघडत नाही. एवढीशी कडी, पण तेंडुलकरांनी ती पहिल्या पानापासून पेरून ठेवलीय.

हा खटल्याचा साचा आला कुठून यावर तेंडुलकरांनी स्वतःच सांगितलंय की विलेपार्ल्याला अभिरूप न्यायालय करायला निघालेली एक हौशी मंडळी त्यांना भेटली होती आणि त्यांच्या गप्पा ऐकता ऐकता नाटक डोक्यात आलं. अभिरूप न्यायालय हा प्रकार मराठी वाचकाला नवीन नाही, संमेलन असो, गॅदरिंग असो की उत्सवाचा मांडव, कोणावर तरी लुटुपुटीचा खटला भरायचा आणि हसायचं. दुसरीकडे स्विस लेखक ड्युरेनमाट यांच्या १९५६ च्या एका कथेशी असलेलं साम्यही कायम चर्चेत असतं. तिथे ट्रॅप्स नावाच्या सेल्समनची गाडी बंद पडते, तो रात्री एका निवृत्त न्यायाधीशाकडे मुक्कामाला राहतो, जेवणाच्या टेबलावर म्हातारे जुने धंदे आठवत खोटा खटला चालवतात आणि तो दोषी ठरतो. साम्य आहेच, ते झाकायचं कारण नाही. पण फरक बघा ना, ट्रॅप्सला आपण गुन्हेगार ठरतोय याचं हळूहळू अप्रूप वाटायला लागतं, आपल्या साध्या आयुष्यात काहीतरी मोठं घडलंय असं त्याला वाटतं. बेणारेला असलं काही वाटायची सोयच नाही. तिच्यावर ज्या गोष्टीसाठी खटला चाललाय त्या गोष्टीसाठी आपल्याकडे खरोखरचे खटले चाललेले आहेत, आणि माझ्या मते नाटकाची खरी मुळं तिथे आहेत.

१८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवांनी गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल तिथेच सोडून जायचं असेल तर जावं, त्याला सांभाळलं जाईल. असं घर काढावं लागलं यातच त्या काळाची सगळी परिस्थिती आली, पुन्हा लग्न करायचं नाही हा उच्च जातींतला नियम, घरातल्याच कोणाकडून दिवस गेलेले, आणि समोर दोनच वाटा, विहीर नाहीतर बाळाचा गळा. पुढे अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत, आणि तो डॉक्टर झाला.

मग १८८१, सुरत. विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला नवजात मुलाला मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, अपिलात ती जन्मठेप झाली आणि नंतर आणखी कमी झाली. पेपरांमधून चर्चा पेटली, बायका कशा बिघडल्यात याची चर्चा हं, मुलाचा बाप कोण याची नाही. त्या संतापातून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदेंनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिलं. त्यांचा साधा सवाल होता की जे दुर्गुण तुम्ही बायकांना चिकटवता ते पुरुषांत नाहीत का. बेणारेचा खटला वाचून लगेच ताराबाई वाचल्या तर मधली पंचाऐंशी वर्षं गळून पडल्यासारखी वाटतात. दामलेची जागा रिकामी आहे, साक्षीला तो हजर नाही, आणि कोर्टाला त्याची फारशी गरजही पडत नाही. सुरतच्या खटल्यातही तेच.

आता रंगभूमीकडे. संस्कृत नाटकाच्या परंपरेत शेवट गोड करायचा असतो, भासाचं 'ऊरुभंग' असा एखादाच अपवाद. मराठीत शोकांतिका आली ती शेक्सपिअरचा हात धरून, महादेवशास्त्री कोल्हटकरांचं ऑथेल्लोचं भाषांतर १८६७ चं, आगरकरांनी हॅम्लेटवरून केलेलं 'विकारविलसित' १८८३ चं, देवलांचा 'झुंझारराव' १८९० चा. म्हणजे नायक मोठा माणूस, त्याच्या मनातला एक विकार त्याला खाली ओढतो, हा नमुना पक्का बसला. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त (१९१९) तो मध्यमवर्गीय घरात आला, सुधाकर वकील आहे, त्याची सनद जाते, दारू येते, आणि त्याची बायको सिंधू त्यात मरते. त्या नाटकावर माझं प्रेम आहे, पण सिंधूचं दुःख तिच्या सोसण्यात आहे, ती पतिव्रता आहे म्हणून आपण रडतो. तिने सुधाकरला सोडलं असतं तर त्या काळचा प्रेक्षक रडला असता का? १९३३ मध्ये 'नाट्यमन्वंतर' या नाट्यसंस्थेने 'आंधळ्यांची शाळा' आणलं, नॉर्वेच्या इब्सेन या नाटककाराच्या वळणाची, घरातल्या खोलीत घडणारी नाटकं आली, बाई घराबाहेर पडायला लागली. आणि तरीही मधल्या वर्षांत रंगमंचावर सोसणारी बाई हीच सहानुभूतीची हक्कदार राहिली.

बेणारे इथे वेगळी पडते. ती सोसणारी नाही, निदान दिसायला तरी नाही. ती टवाळी करते, नकला करते, गाणी म्हणते, आपल्या शाळेत आपण किती वेळेवर जातो, पोरं आपल्यावर किती जीव टाकतात हे छातीठोकपणे सांगते. कमावती आहे, कोणाची मिंधी नाही. आणि कोर्टात बसलेली माणसं कशी, तर वकिली न चालणारा सुखात्मे, इंटर नापास झालेला पोंक्षे, मूलबाळ नसलेले काशीकर नवराबायको, त्यांनी वाढवलेला बिचारा रोकडे, ज्याला कोणी माणूस म्हणून मोजत नाही. अपयशी माणसांच्या हातात एक दिवस कायदा आला तर काय होतं ते तेंडुलकर दाखवतात. मला वाटतं तिची 'चूक' असलीच तर ती एवढीच की या लोकांमध्ये ती उघड आनंदात राहिली.

कायद्याची बाजूही बघायला हवी, कारण बहुतेक नोट्समध्ये ती नसतेच. खेळात न्यायाधीश झालेले काशीकर तिच्यावर भारतीय दंड विधानाचं कलम ३०२ लावतात. त्या वेळच्या खऱ्या कायद्यात ३०२ म्हणजे खुनाची शिक्षा होती, गर्भपाताचं कलम ३१२ होतं. म्हणजे खेळातसुद्धा तिला थेट खुन्याच्या जागी उभं केलंय. नाटक आलं त्या वर्षी गर्भपात हा आईचा जीव वाचवण्यापुरता सोडला तर गुन्हाच होता. पण हवा बदलत होती, केंद्र सरकारने १९६४ मध्ये शांतिलाल शाह समिती नेमली होती, तिचा अहवाल १९६६ च्या अखेरीस आला, त्यावरून वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ मध्ये झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. १९७१ मध्येच सत्यदेव दुबेंनी या नाटकावर सिनेमा केला, त्यातही बेणारे सुलभाताईच. नव्या कायद्यातसुद्धा गर्भनिरोधक फसल्याचं कारण फक्त विवाहित बाईला लागू होतं, ते 'कोणतीही स्त्री' असं व्हायला २०२१ ची दुरुस्ती यावी लागली.

पण थांबा, बेणारेला गर्भपात नकोच होता. हे खूप जण वाचताना हरवतात. तिला मूल हवंय, त्याला बापाचं नाव हवंय, म्हणून ती पोंक्षेला विचारते, रोकडेला विचारते, माझ्याशी लग्न कराल का. स्वतःसाठी नाही हो, येणाऱ्या मुलासाठी. लग्न न झालेल्या आईला बापाचं नाव न सांगता मुलाचं पालकत्व घेता येईल असं सुप्रीम कोर्टाने म्हटलं ते २०१५ मध्ये. बेणारेचं मूल जन्मलं असतं तर तोवर ते पन्नाशीला टेकलं असतं.

आणि निकाल काय लागतो? भ्रूणहत्येच्या आरोपाखाली उभी केलेल्या बाईला काशीकर शिक्षा सुनावतात की तिच्या पोटातलं मूल नष्ट करण्यात यावं. ज्या कृत्याचा गुन्हा लावला तेच कृत्य शिक्षा म्हणून. १८६३ च्या पुण्यात समाज विधवेला हेच सांगत होता, फक्त तोंडाने बोलत नव्हता.

निकालाआधी आरोपीला बोलायला दहा सेकंद दिलेले असतात. त्या दहा सेकंदांत बाकी सगळे गोठतात आणि बेणारेचं ते लांब स्वगत येतं, कोवळ्या वयात सख्ख्या मामाने केलेली फसवणूक, जीव द्यायचा प्रयत्न, नंतर दामलेला देव मानणं, शरीराबद्दलचा राग आणि त्याच शरीराबद्दलची माया. वाचताना एक गोष्ट सुटते, प्रयोगात ती लख्ख दिसते, कोर्टातल्या कोणीही हे ऐकलेलं नसतं. दहा सेकंद संपतात आणि खटल्याच्या हिशोबात आरोपी गप्पच राहिलेली असते. स्वगतानंतर टाळ्या पडतात तेव्हा मला दर वेळी वाटतं की आपण टाळ्या वाजवून मोकळे होतोय, पण ऐकलं कोणी?

मग प्रयोगाची वेळ होते, मंडळी पुन्हा नेहमीसारखी बोलायला लागतात, अगं खेळच होता तो, ऊठ, तोंड धू. ती हलत नाही. एकेक जण निघून जातो. शेवटी सामंत येतो, तिच्याजवळ जायला बिचकतो, आणि कापडाचा हिरवा पोपट तिच्या शेजारी ठेवून हळूच परत जातो.