वर्गसभा: गोलात बसण्यामागचा इतिहास

मुलं गोल करून बसतात, कालच्या भांडणावर बोलतात, पुढच्या आठवड्याचं ठरवतात आणि बाईही त्याच गोलात बसून ऐकतात. प्राथमिक शाळेतल्या या वर्गसभेमागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

१९१२ मध्ये बालरोगतज्ज्ञ यानुश कोर्चाक यांनी वॉर्सातल्या ज्यू मुलांच्या अनाथालयाचा कारभार हाती घेतला. तिथे मुलांचं न्यायालय भरू लागलं. ज्यांच्यावर त्या आठवड्यात एकही फिर्याद नाही, अशा मुलांतून चिठ्ठ्या टाकून न्यायाधीश निवडले जात. फिर्याद मोठ्यांवरही करता येई. खुद्द कोर्चाकांवरही ती झाली. त्यांनी रचलेल्या संहितेचा भर शिक्षेपेक्षा माफीवर होता. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती हीच, की नियम मोठ्यांनाही लागू होता. तो नसता तर न्यायालय म्हणजे नुसता शिस्तीचा बडगा झाला असता.

फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने यांनी १९२० पासून खेड्यातल्या शाळेत शिकवायला सुरुवात केली. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झाल्यामुळे त्यांना फार वेळ बोलवत नसे. त्यांच्या पद्धतीत वर्गात भित्तिपत्र लागे. तक्रार, कौतुक, मागणी असे त्यात रकाने असत. लिहिणाऱ्याने खाली सही करायची आणि आठवड्याच्या सभेत ते सगळ्यांसमोर वाचलं जायचं. राग आल्या क्षणी मूल लिहून मोकळं व्हायचं. बोलायची वेळ येईपर्यंत तो बराचसा निवळलेला असे.

अमेरिकेतली वाट मानसशास्त्रातून आली. व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड अॅडलर यांचे शिष्य रुडॉल्फ ड्रायकर्स १९३७ मध्ये अमेरिकेत गेले. मूल वात्रटपणा करतं ते गटात आपली जागा शोधताना, असं ते सांगत; म्हणून प्रश्न गटातच सोडवायचा. १९६९ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ विल्यम ग्लासर यांनी वर्गसभेचे तीन प्रकार मांडले: आपसातले प्रश्न सोडवणारी, विचारांना चालना देणारी आणि मुलांना धडा कितपत समजला हे जोखणारी. म्हणजे सभा भरायला भांडणच व्हायला हवं असं उरलं नाही.

१९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या काही प्राथमिक शाळांत हा धागा पुढे गेला. वर्ग कसा असावा हे वर्षाच्या सुरुवातीलाच मुलांनी मिळून ठरवायचं, नव्या मुलाचं स्वागत कसं करायचं यावर आधीच बोलून ठेवायचं, अशा कामांसाठी सभा भरू लागल्या.