संदर्भ साचे आणि दुव्यांची मांडणी

विकी प्रणालीवरील ज्ञानकोशांत एखाद्या विधानाला दिलेला आधार वाचकाला कसा दिसावा आणि त्यातील दुवा कुठे जोडलेला असावा, हे ठरवणाऱ्या तयार साच्यांना संदर्भ साचे म्हणतात. संपादक दुहेरी महिरपी कंसांत साच्याचे नाव लिहून उभ्या रेघांनी विलग केलेल्या रकान्यांत लेखक, शीर्षक, प्रकाशक, दिनांक आणि पत्ता भरतो; विरामचिन्हे, तिरपा ठसा आणि दुव्याची जागा साचा सांभाळतो. मराठी विकिपीडियावरील ‘संकेतस्थळ स्रोत’ हा असाच साचा आहे.

चौकटी कंसांत पत्ता व मजकूर लिहूनही दुवा देता येतो, पण त्यात लेखक कोणता आणि शीर्षक कोणते हे संगणकाला कळत नाही. साच्यात प्रत्येक तपशील आपापल्या नावाखाली नोंदला जातो आणि खरे मोल याच नोंदीचे आहे. शोधनिबंधाचा डीओआय, म्हणजे त्याला दिलेला कायमस्वरूपी ओळख क्रमांक, देताना केवळ तो क्रमांक भरावा लागतो, पूर्ण पत्ता साचा जुळवतो. म्हणूनच डीओआयच्या दुव्यांचा जुना पत्ता मागे पडून नवा रूढ झाला, तेव्हा लेखागणिक दुरुस्ती न करता साच्यातला एकच बदल पुरेसा ठरला.

मूळ पान नाहीसे होणे हा दुव्यांचा सर्वांत मोठा धोका आहे. त्यासाठी मूळ पत्त्यासोबत संग्रहित प्रतीचा पत्ता आणि ती जतन केल्याचा दिनांक देण्याची सोय असते. इंग्रजी विकिपीडियावरील साच्यांत संग्रहित पत्ता दिला, की शीर्षक आपोआप त्या प्रतीशी जोडले जाते आणि मूळ दुवा पुढे वेगळा दिसतो. मूळ पान अजून चालू असल्याची नोंद केली, तर हा क्रम उलटतो. वेबपानांच्या प्रती जतन करणाऱ्या इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेचा सांगकाम्या, म्हणजे आपोआप संपादन करणारी संगणक आज्ञावली (बॉट), मृत दुवे शोधून अशा प्रती जोडत असतो.

पत्त्यातील काही चिन्हे मात्र साच्याची रचनाच मोडतात. पत्त्यात उभी रेघ आली, तर साचा तिथूनच नवा रकाना सुरू झाल्याचे समजतो आणि दुवा अर्धवट तुटतो, म्हणून तिच्या जागी टक्केचिन्ह, सात हा अंक आणि सी हे रोमन अक्षर अशी सांकेतिक जोडी लिहावी लागते. मोकळी जागा आणि चौकटी कंसही असेच सांकेतिक रूपात लिहितात. शीर्षक रिकामे ठेवून केवळ पत्ता दिल्यास इंग्रजी विकिपीडियावरील साचा त्रुटीचा संदेश दाखवतो, आणि ही सक्ती योग्यच आहे, कारण पान नष्ट झाल्यावर नेमका स्रोत शोधायला शीर्षकच उपयोगी पडते.

विकिपीडियावर २०१३ पासून लुआ या संगणकभाषेत लिहिलेले विभाग (मॉड्यूल), म्हणजे साच्यांमागे काम करणारे आज्ञासंच, वापरात आले, तेव्हापासून अशी तपासणी पूर्वीपेक्षा बरीच जलद होते.