बराक कुठली, छावणी कुठली?

पुण्यात एखाद्या काकू “जरा लष्करात जाऊन येते” म्हणाल्या, तर त्या भरतीला निघालेल्या नसतात. एमजी रोडवर खरेदीला चाललेल्या असतात. हे ‘लष्कर’ म्हणजे पुण्याची छावणी, कॅन्टोन्मेंट. 1817 साली खडकीच्या लढाईत पेशव्यांचा पाडाव झाला आणि इंग्रजांनी ती वसवली. छावणी म्हणजे आख्खं गावच: कवायतीचं मैदान, इस्पितळ, चर्च, बाजार आणि शिपायांच्या बराकी. बराक ही त्या गावातली फक्त एक इमारत. ओळीनं खाटा, खाटेखाली ट्रंक, बस्स. बातम्यांत तर तुरुंगातही ‘बराक’ असते. छावणी मात्र कधी नसते.

छावणीला स्वतंत्र कायदा आहे, आधी 1924चा, आता 2006चा. कारभार कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे आणि बोर्डाचा अध्यक्ष लष्करी अधिकारी.

गंमत अशी, की ‘छावणी’ हा शब्द मुळात छपराचाच. छावणं म्हणजे शाकारणं. पावसाळ्यात मराठी फौजा छपरं शाकारून एका जागी थांबत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत. छप्पर मागे पडलं, शब्द जागेला चिकटला. आता तर दुष्काळात गुरांसाठीही चारा छावणी उघडते.

बराकीचं छप्पर मात्र जिवावरचं प्रकरण होतं. 1863च्या शाही आयोगापुढे आकडा आला: हिंदुस्थानातल्या गोऱ्या सैनिकांपैकी वर्षाला हजारी 69 मरत, आणि बहुतेक लढाईत नव्हे, तर ताप, हगवण, पटकी यांनी. दाटीवाटीच्या कोंदट खोल्या, खराब पाणी, तुंबलेली गटारं. फ्लोरेन्स नाइटिंगेल या विषयाच्या हात धुऊन मागे लागल्या होत्या. जुन्या छावण्यांतल्या बराकींचे उंच जोते, त्याहून उंच छत आणि चारी बाजूंचे व्हरांडे दिसतात ना, ती नुसती साहेबी ऐट नव्हे.

दोन्ही शब्द एका ओळीत बघायचे तर उल्हासनगरचा पत्ता वाचावा. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी तळ उभा राहिला. फाळणीनंतर तिथल्या रिकाम्या बराकींत सिंधी निर्वासित आले. पडदे, पत्रे लावून एकेका बराकीत कितीतरी बिऱ्हाडं थाटली गेली. 1949 साली गावाला नाव मिळालं. पत्त्यात आधी बॅरेक नंबर, मग कॅम्प नंबर. कॅम्प म्हणजे वस्ती, बॅरेक म्हणजे घर. अनेक बराकी पाडून तिथे कधीच मजले चढले, तरी त्यांचे नंबर पत्त्यांतून गेलेले नाहीत.