नागरी वस्तीतील वन्य शिकारी प्राणी

नागरी वस्तीतील वन्य शिकारी प्राणी : शहरांच्या कडेची उपनगरे, नव्या वसाहती, बंगल्यांची आवारे, रस्ते व उद्याने यांत रानटी अवस्थेतील शिकारी प्राणी दिसणे, तेथे त्यांचा वावर असणे व त्यातून उद्भवणारे प्रश्न यांचा या नोंदीत विचार केला आहे. उत्तर अमेरिकेतील कायोटी (कोल्ह्यासारखा श्वानकुळातील प्राणी), प्यूमा (मांजरकुळातील एक मोठा प्राणी) व काळे अस्वल, ब्रिटनमधील तांबडी खोकड, भारतातील बिबट्या, इथिओपियातील ठिपकेवाले तरस आणि जपानमधील अस्वले ही याची ठळक उदाहरणे होत. फ्लॉरिडातील घरांमागच्या तळ्यांत येणारे ॲलिगेटर हे मगरीसारखे प्राणीही याच वर्गात मोडतात. दर्शन, वावर आणि हल्ला या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बातम्यांमध्ये मात्र त्या एकात एक मिसळून जातात आणि या विषयातला बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

प्राणी वस्तीत का येतात : ‘माणसाने जंगल तोडले म्हणून प्राणी शहरात आले’ हे सर्वांत लोकप्रिय उत्तर. काही ठिकाणी ते खरेही आहे, पण त्याने सगळ्या घटनांचा उलगडा होत नाही. ब्रिटनमधील खोकडींना कोणी जंगलातून हुसकावले नव्हते. दोन महायुद्धांच्या दरम्यान लंडनसारख्या शहरांभोवती मोठ्या बागा असलेल्या जोडघरांच्या वसाहती उभ्या राहिल्या. झुडपे, गवत, किडे, उंदीर, खरकटे असे सर्व काही आयते मिळू लागल्यावर १९३० च्या दशकापासून खोकडी तेथे स्थायिक झाल्या. कायोटीची कथा आणखी वेगळी आहे. हा मूळचा उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडील व मध्य भागातील मोकळ्या मुलखाचा प्राणी. माणसाने लांडगे व प्यूमा मोठ्या प्रमाणावर मारून टाकले, जंगलांचे तुकडे केले, आणि मोकळ्या झालेल्या जागेत विसाव्या शतकात कायोटी थेट पूर्व किनाऱ्यापर्यंत पसरला.

जपानमध्ये तर चक्र उलटे फिरले आहे. डोंगरपायथ्याची गावे ओस पडत आहेत. तरुण शहरांकडे गेले, शेते पडीक झाली आणि गाव व दाट जंगल यांच्यामधला, माणसांच्या राबत्याचा पट्टा पुन्हा झाडोऱ्याने भरून गेला. त्यामुळे जंगलाची हद्दच वस्तीपर्यंत येऊन ठेपली. ज्या वर्षी बीच व ओक या झाडांना फळे कमी धरतात, त्या वर्षी शीतनिद्रेपूर्वी अंगावर चरबी साठवण्यासाठी भुकेली अस्वले खाली उतरतात. कोणी न काढलेली पर्सिमनची फळे त्यांना तिथे आयतीच मिळतात.

अन्न हे कारण जवळजवळ सर्वत्र समान आहे. उघड्या कचऱ्यावर मोकाट कुत्री, डुकरे व उंदीर पोसले जातात आणि त्यांच्यामागे शिकारी येतो. म्हणजे कचरा न खाणारा प्राणीही कचऱ्यामुळेच येऊ शकतो. बिबट्याच्या बाबतीत ही साखळी स्पष्ट दिसते, कारण वस्तीजवळच्या बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा असतो. शिकागो परिसरात २००० पासून चाललेल्या, स्टॅन्ली गर्ट यांच्या नेतृत्वाखालील कायोटींच्या अभ्यासात विष्ठेच्या तपासणीतून वेगळे चित्र पुढे आले. तेथे उंदीरवर्गीय प्राणी, फळे, हरणे व ससे हाच मुख्य आहार होता. माणसाच्या अन्नाचा भाग थोडा होता. लॉस अँजेलिसच्या दाट वस्तीत मात्र हे प्रमाण बरेच जास्त आढळले. एका शहरातला निष्कर्ष दुसऱ्या शहरावर डोळे झाकून लावता येत नाही, तो यासाठीच.

तिसरे कारण वयाचे. आईपासून सुटलेल्या तरुण प्राण्याला, विशेषतः नराला, स्वतःचा इलाखा शोधावा लागतो. चांगल्या जागा आधीच प्रौढ नरांनी बळकावलेल्या असतात. मग तो ओढे, रेल्वेमार्ग, मोकळे भूखंड यांच्या कडेकडेने भटकतो आणि भर वस्तीत नजरेस पडतो. पी-२२ या क्रमांकाने ओळखला जाणारा प्यूमा लॉस अँजेलिसमधील दोन अतिशय वर्दळीचे महामार्ग ओलांडून ग्रिफिथ पार्कमध्ये पोहोचला असावा. फेब्रुवारी २०१२ मध्ये स्वयंचलित कॅमेऱ्याने तो तेथे प्रथम टिपला. नर प्यूमाला सामान्यतः शेकडो चौ. किमी. प्रदेश लागतो. हा मात्र महानगराने वेढलेल्या उद्यानात जवळपास दहा वर्षे एकटा, जोडीदारावाचून राहिला.

दिसणे आणि असणे : दर्शनांच्या नोंदी वाढल्या म्हणजे प्राण्यांची संख्या वाढली, असा अर्थ सर्रास काढला जातो. तो बहुधा घाईचा असतो. एकच बिबट्या एका रात्रीत तीन सोसायट्यांच्या कॅमेऱ्यांत आला की दुसऱ्या दिवशी तीन बिबट्यांची चर्चा होते. दाराच्या घंटीतले कॅमेरे आणि खिशातले फोन आल्यापासून पूर्वी कोणाला न दिसणारे प्राणी दिसू लागले आहेत. ज्या भागात कॅमेरे जास्त तिथून नोंदी जास्त, हेही ओघाने आलेच. बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची रचना प्रत्येकाची वेगळी असल्याने चांगल्या छायाचित्रांवरून निदान मोजदाद तरी करता येते. कायोटी किंवा प्यूमा यांच्या अंगावर तशी खूण नसते. त्यांच्यासाठी ठावठिकाणा कळवणारे गळपट्टे, कानातील बिल्ले किंवा विष्ठेतील डीएनए यांचा आधार घ्यावा लागतो.

हे प्राणी माणसाला टाळण्यात वाकबगार असतात. कॅटलिन गेनर व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये जगभरातील ७६ अभ्यासांतून सस्तन प्राण्यांच्या ६२ जातींची माहिती एकत्र केली. माणसाच्या सान्निध्यात बहुतेक जाती अधिक निशाचर झाल्याचे त्यात दिसले. एरवी निम्मी हालचाल रात्री करणारा प्राणी माणसांजवळ सुमारे ६८ टक्के हालचाल रात्री करू लागतो, असे हे प्रमाण आहे. थोडक्यात, जिथे प्राणी कधीच दिसत नाही तिथे तो नाही, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. २०२० च्या टाळेबंदीत चिलीची राजधानी सांतियागो येथे प्यूमा रस्त्यांवर फिरताना दिसले, तेव्हा निसर्ग परत आल्याच्या गोष्टी जगभर पसरल्या. शहराला लागूनच अँडीजच्या डोंगररांगा आहेत आणि प्यूमा तेथे आधीपासूनच होते. रस्ते शांत झाल्यावर ते आणखी खाली आले, एवढेच.

चुकीची ओळख हा या विषयातला गमतीदार, पण यंत्रणांना महागात पडणारा भाग. ऑगस्ट २०१२ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात सिंह दिसल्याच्या वार्तेवरून पोलिसांनी हेलिकॉप्टरसह शोध घेतला. सिंह काही सापडला नाही. ते एक धिप्पाड पाळीव मांजर असावे, असे नंतर मानले गेले. जुलै २०२३ मध्ये बर्लिनला लागून असलेल्या क्लाइनमाखनो येथे एका चित्रफितीवरून सिंहीण मोकळी फिरत असल्याचा इशारा दिला गेला. शंभरावर पोलीस कामाला लागले. शेवटी तो रानडुक्कर असावा, असा निष्कर्ष निघाला. रात्रीच्या चित्रफितीत मोजमापाला शेजारी ओळखीची वस्तू नसेल, तर मांजरही वाघाएवढे भासते.

धोका : तो जातीनुसार इतका बदलतो की सरसकट विधान निरुपयोगी ठरते. अमेरिका व कॅनडात कायोटीच्या हल्ल्यात माणूस दगावल्याच्या नोंदलेल्या घटना दोनच आहेत : १९८१ ची कॅलिफोर्नियातील ग्लेंडेल या उपनगरी शहरातली आणि २००९ ची कॅनडातील एका राष्ट्रीय उद्यानातली. खोकडीपासून प्रौढ माणसाला धोका जवळपास नसतोच. बिबट्या व अस्वल यांच्याबद्दल तसे म्हणता येणार नाही. जपानमध्ये एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या वर्षात अस्वलांच्या हल्ल्यांत २१९ जण सापडले व त्यांपैकी ६ मरण पावले. बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांना विशेष धोका असतो. सहजीवनाचे गोडवे गाणारी पुष्कळशी भाषा ज्यांच्या अंगणात हा प्राणी येत नाही त्यांच्याकडून येते, हेही नमूद केले पाहिजे.

माणसाची भीड चेपणे ही धोक्याची खरी पायरी होय. माणूस दिसताच पळणारा प्राणी आधी थांबून पाहू लागतो, मग दिवसाढवळ्या येतो, मग पाळीव कुत्र्यामागे लागतो. या बदलामागे पुष्कळदा कोणीतरी हौसेने घातलेले खाणे असते. याला एक प्रसिद्ध अपवाद इथिओपियातील हरार शहराचा आहे. तेथे तरस रात्री तटबंदीतील वाटांनी शहरात येतात, टाकाऊ मांस व हाडे खातात आणि त्यांना हाताने मांस भरवण्याचा खेळही पर्यटकांपुढे चालतो. पण ती अनेक पिढ्यांची घडी आहे, तिची नक्कल करू नये.

या प्राण्यांच्या वावराचे लाभही मोजले गेले आहेत. केव्हिन क्रुक्स व मायकेल सूले यांनी १९९९ मध्ये सॅन दिएगोच्या उपनगरी दऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जिथून कायोटी नाहीसे झाले, तिथे मांजरांसारखे छोटे शिकारी वाढले आणि झुडपांत राहणाऱ्या पक्ष्यांच्या जाती घटल्या. मुंबईतील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीचे बिबटे वर्षाला सुमारे १,५०० मोकाट कुत्री मारत असावेत व त्यामुळे कुत्रे चावण्याच्या सुमारे एक हजार घटना टळत असाव्यात, असा अंदाज २०१८ मध्ये मांडला गेला. हा गणिती अंदाज आहे, प्रत्यक्ष मोजणी नव्हे. तरी चर्चेची बाजू बदलायला तो पुरेसा आहे.

पकडून दूर सोडणे : प्राणी दिसला की पहिली मागणी पिंजऱ्याची होते. तिच्यातील धोका जुन्नर परिसरात सर्वांत स्पष्टपणे दिसला. २००१ पासून तेथे बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून इतरत्र सोडण्यात आले. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांच्या २०११ च्या अभ्यासानुसार, माणसांवरील हल्ल्यांची वार्षिक सरासरी त्यापूर्वी ४ होती, ती या मोहिमेनंतर १७ झाली. अनोळखी मुलखात सोडलेला, पिंजऱ्यात ताण सोसलेला प्राणी घराकडे परतू पाहतो आणि वाटेत गावेच गावे लागतात. एका बिबट्याला २००९ मध्ये गळपट्टा बांधून माळशेज घाटाजवळ सोडले असता तो सुमारे १२० किमी. चालत मुंबईच्या जंगलापर्यंत गेला. इकडे रिकाम्या झालेल्या इलाख्यात दुसरा, बहुधा तरुण प्राणी येऊन बसतो. पिंजरा लावल्याने लोकांचा राग निवतो, हे मात्र खरे, आणि वनकर्मचाऱ्यांवरचा दबाव पाहता ते कारण अगदीच क्षुल्लक नाही.

घरात वा विहिरीत अडकलेल्या, जखमी किंवा माणसावर वारंवार हल्ला करणाऱ्या प्राण्याला पकडावेच लागते. भुलीचे इंजेक्शन लागताच प्राणी कोसळतो, ही चित्रपटांनी रुजवलेली समजूत. प्रत्यक्षात औषध चढायला काही मिनिटे जातात आणि त्या वेळात बिथरलेला प्राणी कुठेही धावतो. म्हणून बघ्यांची गर्दी हाच अशा प्रसंगी सर्वांत मोठा धोका असतो. पळण्याच्या वाटा माणसांनी अडवल्या, छपरांवरून आरडाओरडा झाला, दगड पडले, की जो बिबट्या अंधार पडल्यावर आपोआप निघून गेला असता तोच पाच-सहा जणांना जखमी करतो.

समोरासमोर गाठ पडल्यास पळू नये, कारण पळणाऱ्याचा पाठलाग करणे ही मांजर व श्वान या दोन्ही कुळांची उपजत प्रवृत्ती आहे. लहान मुलाला न वाकता उचलता आले तर उचलावे, पाठ न दाखवता मागे सरावे, प्राण्याला निघून जायला वाट ठेवावी. कायोटीसमोर हात उंचावून मोठ्याने ओरडणे उपयोगी पडते. पिल्लांसोबतच्या अस्वलापुढे तसे करणे मात्र अंगाशी येऊ शकते.

प्राण्यांची बाजू : उपनगर हे या प्राण्यांना मानवणारे असले तरी सुरक्षित नसते. वाहनांची धडक हे मृत्यूचे प्रमुख कारण. उंदरांसाठी ठेवलेले रक्त पातळ करणारे विष उंदरांमार्फत शिकाऱ्याच्या अंगात साठते. पी-२२ ला २०१४ मध्ये खरजेने ग्रासले, तेव्हा त्याच्या रक्तात अशी विषे आढळली होती. कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये त्यांतील तीव्र प्रकारांवर निर्बंध घातले. दाट वस्तीतली खरूज किती झपाट्याने पसरते, हे १९९४ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात दिसले. तेथील ९५ टक्क्यांहून अधिक खोकडी या साथीत गेल्या. पी-२२ स्वतः डिसेंबर २०२२ मध्ये वाहनाच्या धडकेच्या जखमा व जुनी दुखणी यांमुळे पशुवैद्यांच्या निर्णयाने दयामरणाने गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लॉस अँजेलिसजवळील अगूरा हिल्स येथे दहा मार्गिकांच्या महामार्गावर प्राण्यांसाठी पूल बांधायला सुरुवात झाली होती.

जबाबदारी कोणाची, हा प्रश्न बहुतेक देशांत अर्धवटच सुटलेला आहे. प्राणी वनखात्याचा, कचरा नगरपालिकेचा, गर्दी पोलिसांची, अशी वाटणी झाल्याने ऐनवेळी निर्णय रेंगाळतो. जपानने यासाठी कायदा बदलला. १ सप्टेंबर २०२५ पासून, अस्वल वस्तीत शिरले असेल, तातडीची गरज असेल, दुसरा उपाय नसेल आणि गोळीने कोणाला इजा होण्याचा धोका नसेल, तर स्थानिक नगरप्रमुखच शिकाऱ्याला गोळी झाडण्याची परवानगी देऊ शकतो.