संगणक नेटवर्कची सुरक्षा : नवी मुंबई परिसर

एकमेकांना आणि इंटरनेटला जोडलेल्या संगणकांमधली माहिती कोणी चोरू, बिघडवू किंवा अडवून धरू नये, यासाठीची व्यवस्था म्हणजे नेटवर्क सुरक्षा. महापे-ऐरोलीतली डेटा सेंटर, ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने, वाशी-बेलापूरची क्लिअरिंग-फॉरवर्डिंगची ऑफिसे आणि उरणच्या बाजूचे न्हावा-शेवा बंदर यांमुळे नवी मुंबईत हा पोटापाण्याचा प्रश्न आहे.

27 जून 2017 रोजी ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रामने मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या समूहाला जगभर ग्रासले आणि न्हावा-शेव्यातले त्यांचे टर्मिनलही विस्कळीत झाले. शिरकाव झाला तो युक्रेनमध्ये, ‘मीडॉक’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. विंडोजच्या फाइल-शेअरिंगमधल्या ज्या त्रुटीचा त्याने फायदा घेतला, तिचा पॅच, म्हणजे ती बुजवणारा दुरुस्तीचा अपडेट, मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. पण पॅच टाकलेली मशीनही वाचली नाहीत, कारण एका मशीनच्या मेमरीतून ॲडमिनचा (सगळे अधिकार असलेल्या खात्याचा) पासवर्ड उचलून नॉटपेट्या पुढच्या मशीनमध्ये शिरत होता. म्हणून पॅचइतकेच महत्त्व नेटवर्कचे भाग पाडण्याला आहे. अकाउंट्स, उत्पादन आणि पाहुण्यांचे वायफाय एकाच स्विचवर (संगणक एकमेकांना जोडणाऱ्या पेटीवर) मोकळे सोडू नये आणि रोजच्या कामाला ॲडमिनचे लॉगिन वापरू नये. पडद्यावर खंडणीची मागणी दिसत होती, तरी पैसे भरून फाइली परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती. मर्स्कला सुमारे 45,000 संगणक नव्याने उभे करावे लागले. साऱ्या नेटवर्कच्या लॉगिनची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरची एकच शाबूत प्रत उरली होती, घानामध्ये. वीज गेल्याने तो सर्व्हर त्या वेळी बंद होता, म्हणूनच वाचला.

लहान धंद्यांत धोका फार साध्या वाटेने येतो. एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपचे चित्र पाहा. मालकाला घरून टॅलीतले हिशेब पाहायचे असतात, म्हणून कोणीतरी राऊटरवर रिमोट डेस्कटॉपचा (दुरून संगणक चालवण्याच्या सोयीचा) 3389 हा पोर्ट, म्हणजे नेटवर्कमधला क्रमांकाचा दरवाजा, उघडून देतो. पासवर्ड कंपनीच्या नावापुढे 123. इंटरनेटवर असे उघडे पोर्ट स्वयंचलित प्रोग्राम अखंड शोधत असतात. पासवर्ड जुळला की रॅन्समवेअर, म्हणजे खंडणी मागणारा घातक प्रोग्राम, सगळ्या फाइली कुलूपबंद करतो. बॅकअपची हार्डडिस्क त्याच मशीनला कायम लावून ठेवलेली असते, तीही सोबत जाते. वर्षानुवर्षांचे हिशेब असे एका रात्रीत गेलेले पाहणे फार क्लेशकारक असते, आणि ते टाळणे खर्चिकही नाही. पोर्ट बंद करून व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसशी जोडणारा सुरक्षित, सांकेतिक मार्ग) वापरावे, लॉगिनला ओटीपीसारखी दुसरी पायरी जोडावी, बॅकअपची एक डिस्क काम झाल्यावर काढून दुसऱ्या जागी ठेवावी. त्या डिस्कवरून फाइल खरोखर परत उघडते का, हेही अधूनमधून तपासावे. न तपासलेल्या बॅकअपवर विसंबू नये.

निर्यातदार आणि कस्टम एजंट यांना ईमेलची फसवणूक अधिक भोवते. नेहमीच्या पार्टीच्या नावाने, पत्त्यात एखादेच अक्षर बदलून मेल येतो : ‘आमचे बँक खाते बदलले आहे.’ अशा वेळी मेलमधला नंबर न वापरता आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करावी.

सोसायटीतला सीसीटीव्हीचे चित्रण साठवणारा डीव्हीआरदेखील नेटवर्कवरचा संगणकच असतो. 2016 मध्ये ‘मिराई’ या घातक प्रोग्रामने उत्पादक कंपनीचे मूळ पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी मोठमोठ्या संकेतस्थळांवर विनंत्यांचा भडिमार केला.

ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेल्यास 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करावा. जितक्या लवकर कळेल तितकी रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत तिला कळवायच्या असतात. हल्ला सुरू असल्याचे दिसताच लॅनची वायर काढावी आणि वायफाय तोडावे. मशीन लगेच फॉरमॅट करू नये : शिरकाव कुठून झाला याच्या खुणा आणि पोलिसांना लागणारा पुरावा त्यातच असतो.