जॅकेट काढा, मग बेल्ट लावा (सायकलमागे जोडायचा मुलांचा ट्रेलर भाड्याने घेणाऱ्यांसाठी)

नोव्हेंबर ते मार्च दर शनिवारी सकाळी आमच्या आम्स्टलवेनच्या (नेदरलँड्स) दुकानात हेच होतं. पोरगं फुगलेल्या जाड जॅकेटमध्ये येतं, आईबाबा तसंच त्याला ट्रेलरमध्ये बसवतात, बेल्ट पुरत नाही म्हणून पट्टे पार शेवटपर्यंत सैल करतात, आणि मग ते सगळं परत बसवण्यात आमची पंधरा मिनिटं जातात, मागे रांग ताटकळत असते.

पट्टा घट्ट वाटतो, पण जॅकेटमधली हवा दबली की तो सैलच. घरी करून बघा, जॅकेटवर बेल्ट लावा, मग पट्ट्यांची लांबी न बदलता जॅकेट उतरवून पोराला परत बसवा, खांद्यापाशी आख्खी मूठ आत जाते. एक चाक फुटपाथच्या कडेवर चढून ट्रेलर कलंडला तर पोर त्याच फटीतून पुढे येणार.

"मग थंडी वाजणार नाही का?" हे सगळेच विचारतात आणि बरोबरच आहे, तुम्ही पेडल मारून घामाघूम होता पण पोर तासभर नुसतं बसून असतं, त्यामुळे 4-5 डिग्रीत त्याला तुमच्यापेक्षा एक कपडा जास्तच लागतो. फक्त तो बेल्टच्या वरून हवा. आत थर्मल, वर लोकरीचा स्वेटर, मग बेल्ट, आणि त्यावर आजीची गोधडी, कडा नीट आत खोचून, चाकाकडे जायला नको. गोधडी नसेल तर आमच्याकडे पाय झाकणारी उबदार पिशवी आहे, ट्रेलरसोबत 4 युरोत देतो. हात गार लागले तरी मानेमागे बोटं घालून बघा, तिथे ऊब असली की पोर ठीक आहे. आणि पाऊस नसेल तर प्लॅस्टिक कव्हर पूर्ण बंद करू नका, श्वासाची वाफ आत साचून कपडे दमट होतात आणि पोर जास्तच गारठतं.

म्हणूनच आम्ही दहा मिनिटं आधी बोलावतो आणि बेल्ट स्वतः तपासल्याशिवाय ट्रेलर सोडत नाही. काहींना राग येतो, पण हा नियम बदलणार नाही.

आम्सटरडामसे बॉसमध्ये (आम्स्टलवेनजवळचं मोठं जंगलासारखं उद्यान) बकऱ्यांच्या फार्मपर्यंत रमतगमत जा, पोरं खूश होतात. रस्त्यातल्या खांबांपाशी सायकलवरून उतरा, ट्रेलर सायकलपेक्षा बराच रुंद आहे. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, मागचा लाल दिवा आम्ही चार्ज करून देतो, निघतानाच लावून ठेवा.